विषाणूची भीती आणि आरोग्याचा हिशेब

विषाणू हा शब्द गेल्या काही वर्षांत बुलढाणा जिल्ह्यातील सर्वसामान्य माणसाच्या बोलण्यात इतका रुळला आहे की, कोणत्याही अनाकलनीय संकटाला तो लावण्यास आता कोणी कचरत नाही. 2020 मध्ये करोनाने हा शब्द घरोघर नेला. 2022 च्या पावसाळ्यात गुराढोरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पी चर्मरोगाने तो गोठ्यापर्यंत पोहोचविला. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत मुळापासून गळू लागले, तेव्हा तर ‘टक्कल व्हायरस’ असे नावच त्या व्याधीला देण्यात आले. पाण्याचे नमुने तपासणीस गेले, त्वचेचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या अभ्यासातून स्वस्त धान्य दुकानांतून वाटल्या गेलेल्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखविले. त्यांचा निष्कर्ष ग्राह्य धरला, तर ज्याला विषाणू म्हटले गेले ते संकट हवेतून वा स्पर्शातून नव्हे, तर शिधापत्रिकेच्या वाटेने गावात शिरले होते.

येथे मुद्दा सेलेनियमचा नाही. अनोळखी गोष्टीला विषाणू म्हटले की दोन गोष्टी एकदम घडतात, हा मुद्दा आहे. रुग्ण हा सहानुभूतीचा विषय न राहता भीतीचा विषय होतो. आणि शासनसंस्थेला विचारावयाचे प्रश्न विचारलेच जात नाहीत, कारण विषाणूला जाब कोण विचारणार? गव्हाला पुरवठादार असतो, पाण्याला नळयोजना असते, विषाणू मात्र कोणाचाच नसतो, असे आपण धरून चालतो. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे, आणि त्यासाठी प्रथम एक अगदी आडबाजूचे उदाहरण घेणे सोयीचे होईल.

त्वचेचा एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग आहे. फ्रीड्रिश मर्केल या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने 1875 मध्ये त्वचेतील स्पर्शज्ञानाशी संबंधित अशा ज्या पेशींचे वर्णन केले, त्यांच्यावरून त्याला मर्केल पेशींचा कर्करोग म्हणतात. रोग म्हणून त्याची पहिली नोंद सिरिल टोकर यांनी 1972 मध्ये केली. चेहरा, मान, हात अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर न दुखणारी, तांबूस किंवा जांभळट गाठ येते आणि ती काही आठवड्यांत भराभर वाढते. रुग्ण बहुधा वृद्ध असतात, आणि गोऱ्या कातडीच्या लोकांत हा रोग अधिक आढळतो. अमेरिकेसारख्या मोठ्या देशातही वर्षाकाठी त्याचे तीन हजारांच्या आसपासच रुग्ण सापडतात. आपल्याकडे तर ते तुरळकच. परंतु ज्याला तो होतो त्याच्या दृष्टीने तो फार घातक असतो, कारण जवळच्या लसिकाग्रंथींत तो लवकर शिरतो.

2008 मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याच्या प्रयोगशाळेने या गाठींत एक नवाच विषाणू असल्याचे दाखवून दिले. तपासलेल्या दहा गाठींपैकी आठांत तो आढळला. याच दांपत्याने 1994 मध्ये एड्सच्या रुग्णांत दिसणाऱ्या कापोसी सार्कोमा या दुसऱ्या एका कर्करोगामागील विषाणूही शोधून काढला होता. पुढील संशोधनात अधिकच चमत्कारिक गोष्ट उघड झाली. मर्केल पेशींचा हा विषाणू दुर्मिळ नाही. तो सर्वत्र आहे. बहुसंख्य प्रौढ माणसांच्या रक्तात त्याच्या लागणीची खूण सापडते. बालपणीच, कोणाच्या लक्षातही न येता, तो त्वचेवर वस्तीला येतो आणि बहुधा आयुष्यभर निरुपद्रवी भाडेकरूसारखा राहतो.

मग कर्करोग इतका विरळा का? कारण लागण आणि रोग यांच्या दरम्यान अनेक दारे आहेत आणि ती सर्व एकदम उघडी पडावी लागतात. विषाणूचा जनुकीय धागा अपघाताने त्वचेच्या पेशीच्या धाग्यात गुंतावा लागतो. त्याच वेळी विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा पडून त्याची स्वतःच्या प्रती काढण्याची शक्ती नष्ट व्हावी लागते. आणि अशा बिघडलेल्या पेशीला ओळखून नष्ट करणारी शरीराची प्रतिकारशक्ती वयाने, एड्सने किंवा अवयवरोपणानंतर घ्याव्या लागणाऱ्या औषधांनी दुबळी झालेली असावी लागते. यातील दुसरी गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. गाठीतील विषाणू हा पांगळा झालेला असतो. तो तेथून दुसऱ्याकडे जाऊच शकत नाही. म्हणजे ज्या रुग्णापासून लोक दूर पळतील, त्याची गाठ ही या विषाणूच्या प्रवासातील अखेरचे स्थानक असते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात रस वाटावा असे काय आहे, असा प्रश्न साहजिकच कोणी विचारील. रस आहे तो प्रमाणाचा. लाखो करोडोंना लागण आणि मूठभरांना रोग, अशी जेथे स्थिती असेल तेथे विषाणूचा पाठलाग करण्यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया जातो. वृद्धाच्या मानेवरील न दुखणारी गाठ वेळेवर एखाद्या डॉक्टरच्या नजरेस पडण्यावर केलेला खर्च मात्र सार्थकी लागतो. ‘विषाणू पसरतो आहे काय?’ हा वर्तमानपत्री मथळ्याचा प्रश्न झाला. ‘लागण आणि मृत्यू यांच्यामधील दारे कोणती, त्यांपैकी कोणते दार किती पैशांत बंद करता येईल आणि ते कोणी बंद करावयाचे?’ हा राज्यकारभाराचा प्रश्न होय.

हीच फूटपट्टी आता अशा विषाणूला लावून पाहू, ज्याच्याविषयी आपल्या जिल्ह्यात कोणी भीतीने बोलत नाही. किंबहुना बोलतच नाही.

मर्केल पेशींचा विषाणू सापडला त्याच 2008 साली जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट त्सुर हाऊझेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग हा मानवी पॅपिलोमा नावाच्या विषाणूंमुळे होतो, हे त्यांनी 1980 नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केले होते. या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. काहींनी हातापायांवर साधे चामखीळ येतात. मात्र 16 आणि 18 क्रमांकाचे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या सुमारे 70 टक्के रुग्णांस कारणीभूत ठरतात. हा विषाणूही सर्वत्र आहे. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी त्याची लागण होते. पुरुष तो वाहून नेतात आणि बहुधा स्वतः त्याची किंमत मोजत नाहीत. बहुसंख्य स्त्रियांचे शरीर तो वर्षा-दोन वर्षांत हुसकून लावते. थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो आणि दहा, पंधरा, वीस वर्षांनी त्यातून कर्करोग उद्भवतो. तेव्हा या विषाणूची लागण हा कोणाच्याही चारित्र्याचा दाखला नव्हे. हे स्पष्टपणे लिहावे लागते, कारण ज्या घरांत हा शब्द उच्चारला जातो तेथे पहिला संशय रुग्ण स्त्रीवरच घेतला जातो.

येथवर दोन्ही विषाणूंची रीत सारखी दिसते. फरक पडतो तो आकड्यांत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे त्या एका वर्षात सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे 80 हजार स्त्रिया त्याने मरण पावल्या. मर्केल पेशींच्या कर्करोगात लागणीनंतरच्या दहा-वीस वर्षांत हस्तक्षेप करण्याजोगे काहीही आपल्या हाती नसते. येथे मात्र ती सर्व वर्षे आपल्या हाती असतात. रोगाची पूर्वावस्था डोळ्यांनी दिसू शकते, ती दूर करण्यास मोठी शस्त्रक्रियाही लागत नाही, आणि मुळात लागणच होऊ नये अशी लस 2006 पासून जगात उपलब्ध आहे. इतका मोठा रोग आणि त्याला अडविणारी इतकी दारे, असा योग वैद्यकात क्वचितच येतो.

आणि ही दारे बंद करता येतात हे कोठे सिद्ध झाले? स्वीडनमध्ये किंवा अमेरिकेत सिद्ध झाले असते, तर आपल्या दारिद्र्याकडे बोट दाखवून मोकळे होता आले असते. ते सिद्ध झाले मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात.

बार्शी येथे 1987 मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील संपूर्णतः ग्रामीण लोकसंख्येची ही पहिली कर्करोग नोंदणी. त्यापूर्वी कर्करोगाचे आकडे म्हणजे मोठ्या शहरांतील इस्पितळांचे आकडे होते. खेड्यातील स्त्री कशाने मरते याची मोजदादच नव्हती. या नोंदणीचे वैशिष्ट्य असे की, तेथील कार्यकर्ते रुग्ण इस्पितळात येण्याची वाट पाहत बसले नाहीत. ते गावोगाव गेले, अंगावरून अवेळी रक्त जाणे हे वयाचे लक्षण समजू नका असे सांगत राहिले, आणि एवढ्या साध्या उपायाने रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. मोजणी हेच उपचाराचे पहिले पाऊल ठरावे, याचे याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. संख्याशास्त्र शिकविताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो कंटाळा दिसतो, तो घालविण्यासाठी बार्शीची ही हकीकत त्याने अनेकदा वर्गात सांगितली आहे.

1999 मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि लिआँ येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून एक प्रचंड अभ्यास हाती घेतला. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार स्त्रिया, खेड्यांचे 52 गट. काही गटांत विषाणूची चाचणी एकदाच केली, काहींत पेशींची तपासणी, काहींत सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे साधा शिरकाच, लावून डोळ्यांनी पाहणी. राहिलेल्या गटांतील स्त्रियांना नेहमीच्या सरकारी सेवेवर सोडले. आठ वर्षांनंतर असे दिसले की, विषाणूची चाचणी झालेल्या 34 हजार स्त्रियांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर नेहमीच्या सेवेवर सोडलेल्या 31 हजारांत 64. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे निष्कर्ष एप्रिल 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या आरोग्यधोरणांचा आधार बनले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून चाललेल्या दुसऱ्या अभ्यासात अल्पशिक्षित आरोग्यसेविकांना थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन शिरक्याची तपासणी करविली गेली. तेथेही बारा वर्षांत मृत्यूंचे प्रमाण 31 टक्क्यांनी घटले.

या अभ्यासांवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले, आणि ते दडपून टाकण्याजोगे नाहीत. तपासणीचा उपयोग होतो याची कल्पना असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नीतीस धरून आहे काय, असा तो आक्षेप होता. संशोधकांचे उत्तर असे की, त्या गटाला देशातील प्रचलित सेवा मिळतच होती. प्रचलित सेवाच शून्य होती, त्याला ते काय करणार? हे उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड आहे आणि म्हणूनच ते अस्वस्थ करते. कारण त्याचा अर्थ असा होतो की, त्या 64 स्त्रियांत आणि बुलढाणा, वाशीम किंवा हिंगोलीतील स्त्रियांत काहीच भेद नव्हता. नियंत्रित गट उस्मानाबादेतील काही खेड्यांपुरता नव्हता. उर्वरित ग्रामीण महाराष्ट्र हाच नियंत्रित गट होता.

प्रयोग संपला की त्यातील ज्ञान ज्यांच्या देहावर ते मिळविले त्यांच्याकडे परत जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. काय परत गेले? 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या ज्या स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती, त्यांचे देशातील प्रमाण 1.9 टक्के निघाले. शंभरात दोनही नाहीत. निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर दहा वर्षांनी!

लसीची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. 2009 मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले, काही मुलींच्या मृत्यूंमुळे गदारोळ उठला आणि एप्रिल 2010 मध्ये शासनाने लसीचे असे सर्व अभ्यास थांबविले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. संमतीच्या बाबतीतील गलथानपणा मात्र खरा ठरला, आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. या बंदीच्या वेळी आणखी एक स्वतंत्र अभ्यास देशातील नऊ ठिकाणी चालू होता, आणि त्यात पुणे, मुंबई व बार्शी ही केंद्रे होती. मुलींना लसीच्या दोन किंवा तीन मात्रा द्यावयाच्या होत्या. बंदी आली, आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून गाडी तेथेच थांबली.

या अपघातातून जे हाती आले ते अपूर्व होते. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकाच मात्रेनेही 16 व 18 या प्रकारांच्या चिवट लागणीपासून 95 टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळत होते, म्हणजे दोन-तीन मात्रांइतकेच. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेस मान्यता दिली, त्यामागे हा भारतीय पुरावाही होता. एका मात्रेचा अर्थ अर्थशास्त्रीय भाषेत सांगावयाचा तर, तेवढ्याच पैशांत दुप्पट मुली. शिवाय दुसऱ्या मात्रेसाठी मुलीला पुन्हा शोधून काढण्याचा खर्च शून्य. आफ्रिकेतील गरीब राष्ट्रांना त्याचा तत्काळ लाभ झाला.

भारतात, तेही पुण्यात, सीरम संस्थेने स्वतःची लस तयार केली. तिला 2022 मध्ये परवानगी मिळाली आणि 2023 च्या जानेवारीत ती बाजारात आली. परवडणाऱ्या दरात, दोनशे ते चारशे रुपयांत, ती देता येईल असे कंपनीने प्रथम म्हटले होते. खुल्या बाजारात मात्रेमागे सुमारे दोन हजार रुपये किंमत पडली. सार्वत्रिक लसीकरणात तिचा समावेश करावा अशी तज्ज्ञगटाची शिफारस 2022 ची, आणि 9 ते 14 वयाच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याची अर्थमंत्र्यांची घोषणा 1 फेब्रुवारी 2024 ची. सिक्कीमसारख्या चिमुकल्या राज्याने 2018 मध्येच शाळाशाळांतून हे काम करून दाखविले होते, आणि 97 टक्क्यांच्या आसपास मुलींपर्यंत ते पोहोचले होते. लस आणि मुलगी यांच्यामधील अंतर विज्ञानाने कधीच कापले होते. पुढची वर्षे फाइलींनी घेतली.

शासनयंत्रणा मंदच असते, तिच्याकडून वेगाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे, असे म्हणणाऱ्यांना 2022 च्या लम्पीच्या साथीची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या वर्षी ऑगस्टच्या आरंभी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात महाराष्ट्रातील त्या साथीचे पहिले जनावर आढळले. आपला जिल्हा तर साथीच्या अगदी तोंडाशी होता. वर्ष संपण्याच्या आत राज्यातील सुमारे 1 कोटी 40 लाख गायीबैलांना, म्हणजे जवळजवळ सर्वच गोवंशाला, लस टोचून झाली. ती मोफत होती, आणि पशुवैद्यक गोठ्यापर्यंत गेले. दगावलेल्या जनावरासाठी मदतही ठरली: दुभत्या गायीस 30 हजार, बैलास 25 हजार, वासरास 16 हजार रुपये. हे सर्व योग्यच झाले. शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेले भांडवल वाचविणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. मुद्दा एवढाच की यंत्रणा पळू शकते. जेथे नुकसानीचा आकडा लागलीच मांडता येतो, तेथे ती पळते. गाय दगावली की त्याच आठवड्यात दावण रिकामी दिसते. विषाणूची लागण झालेली तरुण स्त्री मात्र वीस वर्षांनी मरते, आणि तिचा मृत्यू कोणत्याही साथीच्या खात्यात जमा होत नाही.

बुलढाण्याच्या भूगोलात हा हिशेब अधिकच कठोर होतो. 2011 च्या जनगणनेनुसार 25 लाख 86 हजार वस्तीचा हा जिल्हा. पाच माणसांतील चार खेड्यांत राहणारी. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अजिंठ्याच्या डोंगरावर, आणि तेथे रेल्वे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील आदिवासी पाडे. कर्करोगाचे पूर्ण उपचार म्हणजे एका अंगाला छत्रपती संभाजीनगर, दुसऱ्या अंगाला नागपूर. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत, विम्याचे संरक्षण पाच लाखांवर गेले आहे, आणि त्यामुळे अनेक कुटुंबे कर्जातून वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. पण विमा शस्त्रक्रियेचे आणि किरणोपचारांचे बिल भरतो. पाच-सहा आठवडे रोज किरणोपचार घ्यावयाचे तर रुग्णासोबत कोणीतरी शहरात राहावे लागते. त्याची बुडालेली मजुरी, भाड्याची खोली, ऐन पेरणीत पडीक राहिलेले रान, आणि आईच्या जागी चूल सांभाळण्यासाठी शाळेतून काढलेली मुलगी यांचे बिल कोणत्याही योजनेकडे सादर करता येत नाही. अर्थशास्त्रात याला संधीखर्च म्हणतात. तो नेहमी त्यांच्याच वाट्याला अधिक येतो ज्यांच्यापाशी संधी कमी असतात. नववीतून काढलेली ती मुलगी नेमकी लसीच्या वयाची असते, हे वेगळे सांगावयास नको.

याच कारणासाठी लस केवळ मोफत असून भागत नाही. शाळेच्या पटावरील मुलगी सापडते. पटावरून नाव कमी झालेली, आईबापांबरोबर कामासाठी परजिल्ह्यांत गेलेली, किंवा बालवयातच लग्न लावून दिलेली मुलगी सापडत नाही, आणि धोका तिलाच सर्वांत जास्त असतो. शिक्षकवर्गाला गैरहजर मुलींची नावे तोंडपाठ असतात. आरोग्य खात्याच्या याद्या हजर मुलींच्या असतात. या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवणे हे काम एका सकाळीचे आहे. संमतीच्या बाबतीत मात्र घाई नको. खम्मममध्ये अधीक्षकांच्या सह्यांनी देशाची अनेक वर्षे घालविली. मराठीत, साध्या भाषेत, आईला समोर बसवून सांगितले पाहिजे, आणि शाळेतील पुरुष शिक्षकांना संकोच वाटत असेल तर आशा स्वयंसेविकेने सांगावे.

लस मुलींसाठी झाली. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांना तिचा फारसा उपयोग नाही. त्यांच्यासाठी तपासणी हेच एक दार आहे. शिरक्याच्या तपासणीची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात 2016 पासून आहे, ती उपकेंद्रापर्यंत पोहोचावी असेही कागदावर आहे. ती का होत नाही, याचे उत्तर बहुतेक परिचारिका सांगू शकतील: आडोसा असलेली खोली नाही, टेबल आहे तर दिवा नाही, आणि दोष आढळलाच तर पुढे कोठे पाठवावयाचे हे ठरलेले नाही. यातील पहिल्या अडचणीवर विज्ञानाने तोड काढली आहे. विषाणूच्या चाचणीसाठी लागणारा नमुना स्त्रीला स्वतःच, आपल्या घरी, कोणासमोर न जाता घेता येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यास 2021 मध्ये मान्यता दिली. 2025 मध्ये भारतीय बनावटीचे चाचणीसंच तपासून योग्य ठरविण्यात आले. त्यांतील एक गोव्याच्या कंपनीचा असून तो ट्रूनॅट यंत्रावर चालतो, म्हणजे क्षयरोगाच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यांत आधीच बसविलेल्या यंत्रावर. यंत्र आहे, ते चालविणारा तंत्रज्ञ आहे. प्रश्न उरतो तो चाचणीच्या संचांच्या खरेदीचा आणि दोष आढळलेल्या स्त्रीच्या पुढील उपचारांचा.

पुढील उपचारांसाठी बुलढाण्यात ऑक्टोबर 2024 मध्ये उद्घाटन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वावस्थेतील दोष गोठवून किंवा उष्णता देऊन नाहीसा करण्यास मोठे इस्पितळ लागत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि थोडी साधने पुरतात. महाविद्यालयाची भव्य इमारत केव्हा पूर्ण होईल ते होवो. हा एक बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून ठराविक दोन दिवस आधीच चालू करता येईल, आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतून त्या दिवशी एक वाहन निघेल अशी व्यवस्था जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून करता येईल. समितीच्या बैठकीत रस्त्यांची आणि सभामंडपांची चर्चा होते तेव्हा एखाद्या सदस्याने हा विषय काढला, तर तो हास्यास्पद ठरू नये एवढे लोकमत तरी आपण तयार केले पाहिजे.

1999 मध्ये उस्मानाबादेत अभ्यास सुरू झाला तेव्हा लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यात तिशीत असलेली स्त्री आज साठीकडे झुकली आहे. तिची तपासणी त्या वर्षी झाली नाही आणि बहुधा त्यानंतरही झालेली नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाने तपासणीची वयोमर्यादा 65 ठरविली आहे. त्या मर्यादेत तिची अजून काही वर्षे शिल्लक आहेत.